सतरा वर्षांची मुलं स्टिम्युलसमधून का गळली? अमेरिकेतल्या त्या पैशांची पार्श्वभूमी

2020 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लोकांच्या खात्यात कोरोना स्टिम्युलसचे, म्हणजे सरकारी मदतीचे, पैसे पडायला लागले तेव्हा कितीतरी घरांत सख्ख्या भावंडांचा हिशोब वेगवेगळा निघाला, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीचे 500 डॉलर आले आणि सतरा वर्षांच्या मुलाचं शून्य. आईवडिलांना वाटलं काहीतरी चुकलंय, नंतर कळेल. पण चुकलेलं काहीच नव्हतं, कायदाच तसा लिहिलेला होता. आणि त्या कायद्यातली सतराची रेघ कोरोनात कुणी बसून ठरवलेली नव्हती, ती चांगली तेवीस वर्षं जुनी होती.

ती आली 1997 च्या टॅक्सपेअर रिलीफ ॲक्टमधून. क्लिंटन यांनी त्या ऑगस्टमध्ये सही केली आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे टॅक्समध्ये मिळणारी सूट, सुरू झालं, 1998 साठी एका मुलामागे 400 डॉलर आणि पुढच्या वर्षापासून 500. अट एकच मोठी, वर्षाच्या शेवटी मूल 17 च्या आत पाहिजे. आता गंमत नाही, अडचण बघा. अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात डिपेंडंट मुलाची व्याख्या वेगळी आहे, तिथे मूल 19 च्या आत असेल तर चालतं आणि फुलटाइम कॉलेजात शिकत असेल तर 24 च्या आत. म्हणजे 17 ते 23 या वयातली कॉलेजची पोरं टॅक्ससाठी आईवडिलांवर अवलंबून मानली जातात पण चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठी ती मुलंच नाहीत. वर्षाला एकदा रिटर्न भरताना हे फारसं कुणाला टोचत नव्हतं. टोचलं ते सरकारने सगळ्यांना एकदम पैसे वाटायला घेतले तेव्हा.

तसं पैसे वाटणं अमेरिकेत नवीन नाही. 1975 च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्यात 1974 च्या भरलेल्या टॅक्समधले 10 टक्के परत दिले होते, कमीत कमी 100 आणि जास्तीत जास्त 200 डॉलर, आणि त्या रिबेटमध्ये घरात मुलं किती याचा संबंध नव्हता. 2001 मध्ये बुश यांच्या टॅक्सकपातीबरोबर चेक गेले, एकट्याला 300, एकट्या पालकाच्या घराला 500, जोडप्याला 600 पर्यंत, तिथेही मुलांचे वेगळे काही नाहीत. मुलांच्या नावाने आगाऊ चेक पहिल्यांदा गेले ते 2003 च्या उन्हाळ्यात, क्रेडिट 600 वरून 1000 केलं होतं आणि मधला 400 चा फरक सरकारने रिटर्नची वाट न बघता पोस्टाने पाठवून दिला. हा प्रकार छोटा वाटतो पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे, कारण आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याकडे, आधीच्या वर्षीच्या रिटर्नवर मुलांची नावं, नंबर सगळं होतं आणि त्यावरून कुणाला काहीही न विचारता चेक छापता येतो हे त्यातून दिसलं.

2008 ला मंदी येतेय म्हणून फेब्रुवारीत जो इकॉनॉमिक स्टिम्युलस ॲक्ट झाला त्यात मग हा साचा पक्का झाला. मोठ्या माणसाला 600 पर्यंत, जोडप्याला 1200 पर्यंत, आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिटमध्ये बसणाऱ्या प्रत्येक मुलामागे 300. उत्पन्नाची मर्यादा एकट्याला 75 हजार आणि जोडप्याला दीड लाख, त्यावर गेलात की वरच्या रकमेच्या 5 टक्के कापले जाणार. मर्यादेचे हे आकडे ओळखीचे वाटत असतील तर बरोबर आहे, बारा वर्षांनी हेच्या हेच परत वापरले. आणि एक अट त्याच कायद्यात बसली जी अमेरिकेतल्या आपल्या भारतीय लोकांना नंतर फार महागात पडली, जॉइंट रिटर्न असेल तर नवराबायको दोघांकडेही सोशल सिक्युरिटी नंबर पाहिजे, म्हणजे नागरिकांना आणि कामाची परवानगी असलेल्यांना सरकार देतं तो ओळख नंबर. सैन्यातल्या कुटुंबांचीही त्यात अडचण झाली म्हणून जूनमध्ये वेगळा कायदा करून त्यांना सूट दिली, बाकीच्यांना नाही.

पैसे कधी मिळणार हे तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांवर होतं. डायरेक्ट डिपॉझिटवाल्यांत 00 ते 20 असेल तर 2 मेपर्यंत, 76 ते 99 असेल तर 16 मेपर्यंत, आणि कागदी चेकवाल्यांत शेवटचा गट थेट 11 जुलैला. 2001 लाही असंच होतं. हे दोन आकडे म्हणजे जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखेच असतात, त्यामुळे अर्थतज्ज्ञांना आयता प्रयोग मिळाला, कुणाला आधी पैसे मिळाले आणि कुणाला नंतर त्यावरून लोक खर्च किती करतात ते मोजता आलं. 2001 च्या चेकवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात निघालं की पैसे आल्यावर तीन महिन्यांत घरांनी त्यातले 20 ते 40 टक्के रोजच्या वापरातल्या गोष्टींवर खर्च केले.

आता कोरोनाकडे या. 27 मार्च 2020 ला केअर्स ॲक्टवर सही झाली. मोठ्यांना 1200, जोडप्याला 2400, आणि 17 च्या आतल्या मुलामागे 500. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पैसे लवकरात लवकर पोचवायचे होते आणि नवीन व्याख्या करायला, नवीन अर्ज घ्यायला वेळ नव्हता, म्हणून 2008 चा साचा काढला, आकडे वाढवले आणि दिला. आधार 2019 चं रिटर्न, ते भरलं नसेल तर 2018 चं. एप्रिलच्या मध्याला बहुतेक डायरेक्ट डिपॉझिट पडलेसुद्धा, हे खरंच कौतुकाचं काम होतं. माझं म्हणणं इतकंच आहे की या वेगाची किंमत कुणी दिली ते नीट बघायला पाहिजे, आणि ती दिली ज्यांचं घर 1997 च्या व्याख्येत बसत नव्हतं त्यांनी.

कॉलेजची पोरं त्यातली पहिली. कॅम्पस बंद झाले, होस्टेल रिकामी करायला लावली, कॅफेतल्या पार्टटाइम नोकऱ्या गेल्या, पोरं घरी परत आली, खर्च सगळा आईवडिलांवर. त्यांच्या नावाचे 500 आईवडिलांना नाहीत कारण वय 17 च्या वर, आणि स्वतःचे 1200 पण नाहीत कारण ती दुसऱ्याची डिपेंडंट. कायद्यात भाषा अशी होती की दुसरा कुणी तुम्हाला डिपेंडंट दाखवू शकत असेल तरी तुम्ही बाद, प्रत्यक्षात दाखवलं नसलं तरीही. तेच घरातल्या म्हाताऱ्यांचं. आपल्यातल्या ज्यांनी ग्रीन कार्डवर आईवडिलांना आणून ठेवलंय आणि रिटर्नवर त्यांना डिपेंडंट दाखवलंय त्यांच्या घरात आजीचेही शून्य आले. (पुण्यात किंवा सांगलीत राहणाऱ्या आईला दर महिन्याला पैसे पाठवता म्हणून ती डिपेंडंट होत नाही, त्यासाठी ती अमेरिकन नागरिक तरी पाहिजे किंवा अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोची रहिवासी तरी, हा प्रश्न तेव्हा खूप जणांनी विचारला होता.)

दुसरा घाव एच-4 वाल्या घरांवर, म्हणजे एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा जिथे आहे तिथे. नवरा एच-1बी वर, टॅक्ससाठी रेसिडेंट, सोशल सिक्युरिटी नंबर आहे, दर पगारातून टॅक्स कापला जातोय. बायको एच-4 वर, तिच्याकडे वर्क परमिट नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, फक्त आयटीआयएन, म्हणजे टॅक्स भरण्यापुरता दिलेला नंबर. 2015 पासून एच-4 वरच्या काही जणांना परमिट मिळायला लागलं पण ते नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्याला पोचल्यावरच. अशा जोडप्याने जॉइंट रिटर्न भरलं असेल, आणि बहुतेक सगळे तेच भरतात, तर पूर्ण घराला शून्य. नुसतं बायकोला नाही, नवऱ्यालाही नाही आणि न्यू जर्सीत जन्मलेल्या, अमेरिकन पासपोर्ट असलेल्या मुलालाही नाही! सैन्याची सूट या वेळी पहिल्यापासून लिहिलेली होती म्हणजे 2008 चा एक धडा आठवणीत होता, फक्त बाकीच्या घरांचा नव्हता. याच अटीत लाखो मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन कुटुंबंही अडकली, त्यांची अवस्था आपल्या आयटीवाल्यांपेक्षा किती वाईट होती ते वेगळं सांगायला नको.

तिसरं, जे रिटर्नच भरत नाहीत ते. सोशल सिक्युरिटीच्या सरकारी पेन्शनवर जगणाऱ्यांना 1200 आपोआप मिळणार होते पण त्यांच्या घरात लहान मूल असेल, नातवंड सांभाळत असतील, तर त्या मुलाचं नाव आयआरएसकडे नव्हतं. 20 एप्रिलला आयआरएसने सांगितलं की वेबसाइटवर मुलांची माहिती भरा, मुदत 22 एप्रिल दुपारी 12. दोन दिवस पण नाहीत धड, आणि तेही लॉकडाऊनमध्ये, लायब्ररी बंद असताना, अशा लोकांना जे इंटरनेट क्वचितच वापरतात. नंतर ऑगस्टमध्ये ही खिडकी परत उघडली आणि 30 सप्टेंबरपर्यंत नाव देता आलं, म्हणजे एप्रिलच्या भाड्याचे पैसे ऑक्टोबरात.

एक उलटा प्रकारही झाला. घटस्फोट झालेले आईवडील कधीकधी एका वर्षी आई, एका वर्षी बाप असं मूल आलटूनपालटून दाखवतात. आगाऊ पैसे जुन्या रिटर्नवरून गेले, मग 2020 चं रिटर्न भरताना दुसऱ्या पालकाने त्याच मुलाचं क्रेडिट मागितलं तर त्यालाही मिळालं आणि पहिल्याकडून परत घ्यायची तरतूद कायद्यात नव्हती. त्याच कायद्यात मुलाच्या देखभालीचे पैसे थकवलेल्या पालकाचा चेक मात्र त्या थकबाकीत वळता होत होता, आणि हे मला योग्य वाटतं, पैसे शेवटी मुलाकडेच गेले.

दुसरा हप्ता 27 डिसेंबर 2020 च्या कायद्याने आला, मोठ्यांना 600 आणि लहानांनाही 600. डिपॉझिट दोन दिवसांत सुरू झाले आणि कायद्यानेच 15 जानेवारीला पाठवणं बंद, ज्याला नाही मिळाले त्याने 2020 च्या रिटर्नवर रिकव्हरी रिबेट क्रेडिट म्हणून मागायचे. सतराची रेघ तशीच राहिली. पण नवराबायकोची अट सैल झाली, ज्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर त्याला आणि तशा मुलांना पैसे मिळायला लागले, आणि चांगली गोष्ट ही की पहिल्या हप्त्यालाही ते मागून लागू केलं.

रेघ पुसली ती तिसऱ्या हप्त्यात. 11 मार्च 2021 चा अमेरिकन रेस्क्यू प्लॅन, माणशी 1400 आणि डिपेंडंट कुठल्याही वयाचा चालेल, कॉलेजचा पोरगा, आजी, अपंग भाऊ, सगळे धरले. पण दुसरीकडे उत्पन्नाची मर्यादा आवळली आणि इथे मुलं असलेल्या मध्यमवर्गीय घरांना फटका बसला. जोडपं आणि दोन लहान मुलं, उत्पन्न 1 लाख 65 हजार धरा. पहिल्या वेळी 3400 मधून 750 कापून 2650, दुसऱ्या वेळी 2400 मधून 750 जाऊन 1650, तिसऱ्या वेळी शून्य, कारण जोडप्यांसाठी 1 लाख 60 हजारांवर दार एकदम बंद, मुलं कितीही असोत. आधी मुलं जास्त तर रक्कम जास्त आणि त्यामुळे ती संपायला उत्पन्नही जास्त लागायचं, ते गणितच काढून टाकलं.

दीड लाखाच्या आतलं चौघांचं घर घेतलं, सगळ्यांकडे सोशल सिक्युरिटी नंबर, तर तीन हप्ते मिळून 3400, 2400 आणि 5600, एकूण 11,400 डॉलर. तसंच शेजारचं एच-4 चं घर, बायको आयटीआयएनवर, मोठी मुलगी भारतात जन्मलेली म्हणून तीही आयटीआयएनवर, धाकटा इथला. त्यांचे 1700 मागाहून रिटर्नवर, मग 1200, मग 2800, एकूण 5700. बरोबर निम्मे, कारण डिपेंडंटचं वय सुटलं तरी त्याच्या नंबरची अट तिसऱ्या हप्त्यातही सुटली नाही.

वेळेचा घोळ तिसऱ्या वेळीही होताच. 2020 ची रिटर्न घ्यायलाच 12 फेब्रुवारीला सुरुवात झालेली, त्यामुळे मार्चमध्ये खूप जणांचे पैसे 2019 च्या रिटर्नवरून गेले, 2020 मध्ये झालेलं बाळ त्यात नव्हतं, मग नवीन रिटर्न प्रोसेस झालं की फरकाची वेगळी रक्कम आली. 2021 मध्ये जन्मलेल्या बाळाचे 1400 मागायला 2022 मध्ये रिटर्न भरेपर्यंत थांबावं लागलं, ज्यांना माहीतच नव्हतं त्यांचे राहून गेले. 2024 च्या डिसेंबरमध्ये आयआरएसने जाहीर केलं की रिटर्न भरलेल्या पण हे क्रेडिट न मागितलेल्या साधारण 10 लाख लोकांना ते आपणहून पैसे पाठवतायत, मिळून 2.4 अब्ज डॉलर. ज्यांनी 2021 चं रिटर्नच भरलं नव्हतं त्यांना 15 एप्रिल 2025 पर्यंत मुदत होती, ती गेली, त्यामुळे आता कुणी त्या 1400 साठी फॉर्म भरून देतो म्हणून फी मागत असेल तर देऊ नका.

2021 मध्ये चाइल्ड टॅक्स क्रेडिटसुद्धा एका वर्षासाठी वाढवलं होतं, सहाच्या आतल्या मुलाला 3600 आणि त्यावरच्यांना 3000, निम्मे पैसे 15 जुलै ते 15 डिसेंबर दर महिन्याला खात्यात, आणि त्या एका वर्षी सतरा वर्षांची मुलंही त्यात होती. 2022 ला ते संपलं आणि रेघ परत जागेवर आली. 2025 च्या कायद्याने रक्कम 2200 केली, मुलाबरोबर आईवडिलांपैकी एकाकडे तरी सोशल सिक्युरिटी नंबर असण्याची अट घातली, वयाची अट अजून 1997 चीच आहे. पुढच्या संकटात घाईघाईने परत चेक छापायची वेळ आली तर काँग्रेसच्या टेबलावर तयार व्याख्या हीच असेल.