बीएस्सीतून एमबीबीएस : जुनी वाट आणि तिचे उरलेले तुकडे

१९७५ च्या आधी सोलापुरात ज्याला डॉक्टर व्हायचे असे, त्याला आधी सायन्स कॉलेजात नाव घालावेच लागे. अकरावीची एसएससी झाली की कॉलेजची पहिली दोन वर्षे, त्यात इंटर सायन्सचा बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्राचा गट, आणि इंटरच्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश. इंटरला गुण कमी पडले तर मुलगा त्याच कॉलेजात, त्याच प्रयोगशाळेत पुढे बीएस्सी करी. डॉक्टर होणारा आणि बीएस्सी होणारा ही दोन वर्षे एकाच बाकावर काढत. म्हणून घरातली वडीलधारी मंडळी आजही सहज म्हणतात, ‘आधी बीएस्सीला घाला, मेडिकलचं मग बघू.’ त्यांच्या काळात हा सल्ला बरोबरच होता. मधल्या पन्नास वर्षांत वाट कुठे तुटली हे माहीत नसल्यामुळे मात्र अनेक घरांत मुलांची दोन-तीन वर्षे जातात.

मुळात डॉक्टरकीच्या आधी विज्ञान शिकलेच पाहिजे ही अटही हळूहळू आली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही बारा वर्षे आधीचे. विसाव्या शतकात एमबीबीएससाठी इंटर सायन्सचा उंबरठा पक्का झाला. त्याच्या शेजारी लायसेन्शिएटची, म्हणजे पदवीपेक्षा खालच्या पातळीच्या वैद्यकीय परवान्याची, दुसरी वाट होती. तिला शालेय शिक्षण कमी लागे, अभ्यासक्रमही आटोपशीर असे, आणि त्या वाटेने आलेल्या गावोगावच्या एलसीपीएस डॉक्टरांनी लोकांची मोठी सेवा केली. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात डॉक्टरांच्या अशा दोन पातळ्या नकोत, सगळ्यांना एकच मूलभूत पदवी हवी असे सांगितले आणि ती वाट मिटत गेली. उरला तो इंटर सायन्सचा एकच दरवाजा.

सोलापूरला हा दरवाजा घराजवळ यायला वेळ लागला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, पण त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. दयानंद कॉलेज १९४० साली निघाले, संगमेश्वर १९५३ साली, वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय १९६२ साली आणि लगोलग १९६३ साली वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे साठच्या दशकात गिरणी कामगाराचा किंवा हातमागवाल्याचा हुशार मुलगा शाळेपासून एमबीबीएसपर्यंत सगळे शिक्षण घरी जेवूनखाऊन करू शकत होता. विद्यापीठे तेवढी बदलत राहिली : आधी मुंबई, १९४९ नंतर पुणे, १९६२ नंतर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आणि २००४ पासून सोलापूरचे स्वतःचे. वैद्यकीय शिक्षण त्याआधीच, १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे वळले होते. आज बीएस्सीची गुणपत्रिका एका विद्यापीठाची आणि एमबीबीएसची दुसऱ्या, ही फारकत तेव्हापासूनची.

खरी तोडणी झाली ती १०+२+३ ने. कोठारी आयोगाने १९६४ ते ६६ मध्ये सुचवलेला हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारला. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि दोन वर्षांनी बारावीची. इंटर सायन्समधले भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र उचलून अकरावी-बारावीत आले, परीक्षा विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली, आणि मेडिकलचा फाटा पदवीच्या आधीच फुटला. तेव्हापासून बीएस्सी एफवायचा विद्यार्थी मेडिकलचा फाटा मागे टाकून पुढे गेलेला असतो.

जुन्या वाटेचे तुकडे नियमांत मात्र शिल्लक राहिले. मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या पदवी शिक्षण नियमावलीत बारावीशिवाय इतरही पात्रता दिल्या होत्या : इंटरमीजिएट सायन्स, प्री-मेडिकल परीक्षा, भौतिक-रसायन-जीवशास्त्र प्रात्यक्षिकांसह घेतलेले त्रैवार्षिक पदवीचे पहिले वर्ष, आणि बीएस्सी. नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेच्या, अर्जात दिसलेले ०३, ०४, ०५ आणि ०६ हे पात्रता संकेतांक त्यातूनच आले. ०६ बघून अनेकांना वाटते की बीएस्सीवाल्यांसाठी वेगळी सोय आहे. नियम बारकाईने वाचला तर दोन अटी दिसतात. बीएस्सीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांपैकी किमान दोन विषय हवेत, आणि त्याआधीची पात्रता परीक्षाही भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊन उत्तीर्ण झालेली हवी. बारावीला जीवशास्त्र सोडून गणित घेतलेल्या मुलाला बीएस्सी झूऑलॉजीने आत नेले नाही ते यामुळेच. अशा मुलांसाठी दार उघडले ते नोव्हेंबर २०२३ मध्ये. बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान हा जादा विषय उत्तीर्ण झालेला चालेल, असे मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जाहीर केले. तीन वर्षांची पदवी करण्यापेक्षा तो एक विषय देणे कितीतरी सोपे.

बारावीला गुण कमी आहेत म्हणून बीएस्सी करून ते भरून काढू, असाही समज आहे. खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के ही अट बारावीच्या गुणांना लागते. तिथे कमी पडत असेल तर इलाज बोर्डाच्या श्रेणीसुधार परीक्षेत आहे, आणि तो लगेच करावा.

प्रवेशाचे मोजमापही याच काळात बदलले. आधी बारावीचे गुण, मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी राज्याची सीईटी, मग नीट. नीट पहिल्यांदा ५ मे २०१३ रोजी झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला गेला. २०१७ पासून महाराष्ट्रात एमबीबीएसला नीटशिवाय वाट नाही. मधल्या काळात सोलापूरकरांना आणखी एक रेघ नडत होती, ७०:३० ची. राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना, ३० टक्के सगळ्या राज्यातल्या मुलांना खुल्या. सोलापूर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, पण ४५ किलोमीटरवरचे तुळजापूर आणि पलीकडचे लातूर मराठवाड्यात. लातूरला क्लाससाठी गेलेल्या सोलापूरच्या मुलाने बारावी कुठून दिली यावर त्याचा विभाग ठरे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही पद्धत रद्द केली. तरी जुन्या हिशेबाने सल्ला देणारे अजून भेटतात.

वयाचे बंधनही इथेच सांगायला हवे, कारण पदवीधराला ते थेट लागत होते. काही वर्षे नीटला खुल्या प्रवर्गासाठी २५ वर्षांची कमाल मर्यादा होती. मार्च २०२२ मध्ये आयोगाने ती काढली. आता फक्त किमान १७ वर्षांची अट आहे. पदवी घेऊन नीट देणे कायद्याने शक्य आहे. प्रश्न आहे तो उपयोगाचा.

आणि उपयोग फार थोडा होतो. नीटमध्ये बीएस्सीला एक गुणही नाही. पेपर ७२० गुणांचा : जीवशास्त्र ३६०, भौतिक १८०, रसायन १८०. बरोबर उत्तराला ४, चुकल्यास १ वजा. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. बॉटनी-झूऑलॉजी-केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करणाऱ्या मुलाचा भौतिकशास्त्राशी संबंध तुटतो आणि ४५ प्रश्नांचा तो विषय वर्षभरात गंजतो. झूऑलॉजीत वर्गीकरण, ऊतिशास्त्र, भ्रूणविकास खोलात शिकवतात, उत्तरेही पानभर लिहायची असतात. नीटला लागते अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीतली ओळ जशीच्या तशी ओळखता येणे. जास्त शिकलेला मुलगा इथे पुष्कळदा अडखळतो, कारण पर्यायांतली अर्धवट खरी विधाने त्याला खरीच वाटू लागतात.

वेळापत्रकाची अडचण त्याहून मोठी. नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी येते आणि सम सेमिस्टरची परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास. ७५ टक्के हजेरी हवी, प्रॅक्टिकलची बॅच चुकवता येत नाही. दर आठवड्याची जर्नलची आकृती राहून गेली की ती साचते, सर्टिफाय न झालेल्या जर्नलमुळे प्रॅक्टिकल परीक्षेला बसणे अडते आणि विषय एटीकेटीत जातो. डिसेंबरपर्यंत दोन्ही सांभाळणारी मुले जानेवारीत कुठलेतरी एक सोडून देतात. आमचे मत स्पष्ट आहे. दुसरा प्रयत्न करायचाच असेल तर एक वर्ष पूर्ण त्यालाच द्यावे. त्यानंतर बीएस्सी घ्यायची ती मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा केमिस्ट्री यांसाठीच घ्यावी, एमएस्सी, संशोधन, औषधनिर्मिती कंपन्यांच्या प्रयोगशाळा डोळ्यांपुढे ठेवून. बीएस्सी नर्सिंग, बीडीएस किंवा बीएएमएसमधून एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो अशीही एक अफवा असते. तसा कोणताही मार्ग नाही.

मग ‘आधी सायन्सची पदवी, मग मेडिकल’ हे इंटरनेटवर सगळीकडे का दिसते? कारण अमेरिकेत तीच पद्धत आहे. जॉन्स हॉपकिन्सने १८९३ साली मेडिकल स्कूल उघडतानाच पदवीची अट घातली. तिथल्या मेडिकल कॉलेजांची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने किमान दोन वर्षांचे कॉलेज शिक्षण आणि विज्ञानाचा पाया सगळ्या देशात आग्रहाने मांडला. प्रवेशासाठी राष्ट्रीय चाचणी १९२८ पासून सुरू झाली. तिकडे पदवी कोणत्याही विषयाची चालते, पण जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्राचे ठरावीक अभ्यासक्रम प्रयोगांसह पुरे करावे लागतात, आणि बहुतेक मेडिकल स्कूल ते अमेरिकेतल्या कॉलेजात केलेले मागतात. ऑस्ट्रेलियात काही विद्यापीठांनी नव्वदच्या दशकात पदवीधरांसाठी चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला, ब्रिटनमध्ये २००० साली तशी सुरुवात झाली. आपण ब्रिटिशांकडून घेतला तो शाळेनंतर थेट मेडिकलचा नमुना आणि इंटर सायन्स हा त्याचा पूर्वार्ध. अमेरिकन सल्ला सोलापुरात वापरला की तो बसत नाही, याचे कारण या दोन परंपरांत आहे.

बीएस्सी करून परदेशात चार वर्षांचे मेडिकल करायचे आणि भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायची, असा बेत असेल तर एक हिशेब आधी करावा. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमाचा हवा, त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी आणि भारतात पुन्हा १२ महिन्यांची. चार वर्षे म्हणजे ४८ महिने. सहा महिने तिथेच कमी पडतात. शिवाय २०१८ पासून बाहेर जाण्याआधी नीट उत्तीर्ण असणेही लागते. एजंटच्या माहितीपत्रकात हे आकडे एकत्र क्वचितच दिसतात.

राहिला कागदांचा भाग, जिथे नीटला चांगले गुण मिळूनही प्रवेश हुकतो. बारावीच्या गुणांवर पात्र असणाऱ्याने सध्या बीएस्सीला असला तरी पात्रता बारावी उत्तीर्ण म्हणूनच भरावी, ०५ किंवा ०६ च्या मागे लागू नये. बीएस्सीचे प्रवेश मेडिकलच्या फेऱ्यांच्या आधी होतात, त्यामुळे बारावीचा मूळ दाखला सायन्स कॉलेजात जमा झालेला असतो. मेडिकलच्या फेरीत नाव लागले की हजर व्हायला मोजके दिवस मिळतात, आणि तेव्हा लागतो तो शेवटच्या संस्थेचा, म्हणजे सायन्स कॉलेजचा दाखला. त्यासाठी ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि फी विभागाचे ना-देय शेरे लागतात. मध्येच गणपतीची किंवा दसऱ्याची सुट्टी आली तर कार्यालय बंद. पुस्तके आधीच परत करावीत आणि फीची पावती जपावी. बाकीच्या मूळ गुणपत्रिका कॉलेजने अडकवून ठेवायच्या नाहीत असे यूजीसीचे निर्देश आहेत, त्यांचा आधार घ्यावा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच ज्युनिअर कॉलेजमार्फत गेलेला चांगला. नॉन-क्रीमीलेअरची मुदत प्रमाणपत्रावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चला संपते. प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरात होतो, तेव्हा मुदत संपलेले प्रमाणपत्र चालत नाही. मुदत संपली असेल तर एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात नव्या प्रमाणपत्राचा अर्ज टाकून द्यावा, कारण निकालानंतर तिथे रांग लागते.