अक्षराखालचं टिंब म्हणजे ‘ट’ नव्हे

इथिओपियातल्या अम्हारिक भाषेचे शब्द रोमन लिपीत वाचताना आपल्याकडे एक समज पक्का असतो: ‘टी’ अक्षराखाली टिंब दिसलं की ‘ट’ म्हणायचं. संस्कृतच्या रोमन लेखनात ते टिंब खरोखरच मूर्धन्य ‘ट’ दाखवतं. अरबी, हिब्रू, अम्हारिक ज्या कुळात येतात त्या सेमिटिक भाषांच्या अभ्यासकांचा संकेत मात्र वेगळा आहे.

अरबीत या खुणेचा उच्चार जिभेचा मागचा भाग घशाकडे ओढून होतो. अम्हारिकमध्ये तेही नाही. ‘त’साठी जीभ टेकवायची, त्याच वेळी कंठातली फट घट्ट मिटायची, मध्ये कोंडलेली हवा वर दाबायची आणि ‘त’ फटकन सोडायचा. फुप्फुसातून हवा येतच नाही, म्हणून आवाज कोरडा, टणक लागतो. इंजरा नावाची तिथली भाकरी ज्या धान्याची करतात त्या तेफमधला ‘त’ असाच आहे. इथिओपियाच्या अम्हारिक नावातला ‘प’सुद्धा याच जातीचा.

रोमन ‘ए’वर दोन टिंबं असली की जर्मनसारखा ‘ॲ’ वाचणं हीसुद्धा चूकच. तो स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा आहे; म्हणून ‘इंजेरा’पेक्षा ‘इंजरा’ बरं.

मूळ लिपी शिकली की सगळे प्रश्न सुटतात, असंही नाही. आपल्या बाराखडीसारखी तिच्यात प्रत्येक व्यंजनाची सात रूपं आहेत, त्यामुळे स्वर कळतात. द्वित्त, म्हणजे व्यंजनाचा दुहेरी उच्चार, मात्र दिसत नाही. ‘तो म्हणाला’ आणि ‘तो आहे’ यांचं लेखन अगदी एकच. बोलताना ‘ल’ एकेरी की दुहेरी यावर अर्थ ठरतो, वाचताना तो संदर्भावरून ओळखावा लागतो.