टोलनाक्यावर गार पडणारा हिटर

जानेवारीतली गोष्ट. धुळ्याहून पहाटे नाशिककडे निघालो होतो. त्या दिवसांत निफाडचा पारा रोज पेपरात येतो, तेव्हा थंडीचं वर्णन करत बसत नाही. हायवेवर हिटर झकास चालला होता, मागे मुलांनी शाली भिरकावून दिल्या होत्या. पिंपळगावच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो आणि दोन मिनिटांत जाळीतून गार वारा यायला लागला. रांग सुटली, वेग घेतला, पुन्हा ऊब. नाशकात पहिल्याच सिग्नलला परत गारठा.

‘हिटर गेला’ असं मी ठरवून टाकलं. आपल्याकडे तो लागतो वर्षातून आठ-दहा दिवस, त्यामुळे दुरुस्ती पुढच्या थंडीवर ढकलायचा विचारही झाला. पण बिघाड हिटरचा नव्हताच.

गाडीचा हिटर गिझरसारखा स्वतः काही तापवत नाही. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता जाते सायलेन्सरमधून आणि इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमधून. या गरम कूलंटचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये वळवतात. त्याला हिटर कोअर म्हणतात. पंखा त्यावरून हवा फेकतो, एवढंच.

हा कोअर बऱ्याच गाड्यांत कूलंटच्या वाटेवरच्या सर्वांत उंच जागांपैकी एक असतो. कूलंट कमी झालं की आत शिरलेली हवा वर चढते आणि तिथेच ठाण मांडते. आता ती ढकलायची कुणी? वॉटर पंपाने. बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. अशा पंपाचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: मिनिटाला ८०० फेऱ्यांवर जेवढा दाब, त्याच्या नऊपट २४०० फेऱ्यांवर. म्हणून हायवेवर कूलंट हवेचा बुडबुडा रेटून पुढे जातं आणि टोलनाक्यावर तेच हतबल होतं. उभ्या गाडीला थोडी रेस दिली की ऊब परतते आणि सोडली की जाते, असं होत असेल तर पहिला संशय कूलंटवर घ्यावा. मग कोअर चोंदल्याचा किंवा पंप झिजल्याचा.

मी बॉनेट उघडून प्लास्टिकची बाटली पाहिली. कूलंट बरोबर खुणेपर्यंत! इथेच माणूस फसतो. ज्या गाड्यांत रेडिएटरला वेगळं झाकण आणि शेजारी बिनदाबाची बाटली असते, तिथे इंजिन थंड होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढून घेतो. पण कुठे बारीक गळती असेल तर बाटलीऐवजी तिथूनच हवा ओढली जाते. बाटली भरलेली, रेडिएटर मात्र अर्धा. तापमानाच्या काट्यावरही फार विसंबू नये. त्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच तो खरं बोलतो.

झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं. साधारण १ बार जास्तीच्या दाबाखाली निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असं मिश्रण १२० अंशांच्याही वर उकळतं. गरम असताना झाकण फिरवलं तर दाब एकदम पडतो, कूलंट क्षणात उसळतं आणि तोंड-हात भाजतात.

मेकॅनिकने आधी इंजिन तापवून हिटरचे दोन्ही होज पाइप हाताने चाचपले. दोन्ही कडक गरम असते तर दोष हवा वळवणाऱ्या झडपेचा. दोन्ही कोमट असते तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, उघडा अडकल्याची शंका. माझ्या गाडीत एक गरम, दुसरा गार होता. म्हणजे प्रवाह कोअरमध्येच अडत होता.

शेजारच्या एका ट्रकवाल्याने लगेच उपाय सुचवला, ‘रेडिएटरमध्ये हळद टाका.’ आडरानात हा तोडगा वेळ मारून नेतो, खोटं नाही. पण जी पूड भोक बुजवते तिला हिटर कोअरच्या बारीक नळ्या काय वेगळ्या दिसणार? बोअरच्या पाण्याचंही तेच, आतून क्षार धरतात.

इंजिन गार झाल्यावर झाकणाच्या जागी हातपंप लावून सुमारे १ बार दाब भरला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत दाबाचा काटा खाली सरकला होता. एरवी गाडीखाली कधी थेंब दिसला नव्हता, कारण तापलेल्या इंजिनावर बारीक गळती वाफ होऊन उडून जाते. मागे उरतो वाळलेला रंगीत ओघळ. तो सापडला वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी. पंपाचं सील गेलं की कळावं म्हणूनच ते भोक ठेवलेलं असतं.

गळती कोअरमध्येच असती तर काचेवर तेलकट वाफ, केबिनमध्ये गोडसर वास आणि पायाखालचं मॅटिंग ओलं, अशी लक्षणं दिसली असती. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलं असतं तर पांढरा धूर आणि रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे. तेव्हा खर्चाचा आकडाही वेगळाच.

जुनं कूलंट मेकॅनिकने गटारात न ओतता कॅनमध्ये भरलं, तेव्हा मला बरं वाटलं. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

पंप बदलला. मग गाडीचं तोंड चढाला करून, झाकण उघडं ठेवून, हिटर पूर्ण गरमवर टाकून एअर काढली. बराच वेळ गुडगुड चालली आणि दर गुडगुडीला पातळी खाली जात होती. त्यात जवळजवळ दीड लिटर कूलंट मावलं.