अचलपूर : वास्तू आणि त्यांची शोधसाधने

अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. मेळघाटाच्या पायथ्याशी सापन व बिच्छन नद्यांच्या परिसरात वसलेले हे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीची (सु. १४९०–१५७४) राजधानी होते. राजकीय इतिहासात अचलपूरचा उल्लेख वारंवार येतो. गावातील इमारतींचा मात्र त्या मानाने थोडाच.

वास्तूंचा शोध येथे गावाच्या नावापासून सुरू करावा लागतो, कारण जुन्या बांधकामांचे श्रेय बहुधा नावाच्या दंतकथेवरूनच वाटले गेले आहे. ईल नावाच्या जैन राजाने अकराव्या शतकात गाव वसविले, म्हणून ते ‘एलिचपूर’, ही कथा सर्वश्रुत आहे. शाह अब्दुल रहमान (दुल्हा रहमान) यांच्या दर्ग्याची परंपराही याच राजाशी जोडलेली आहे. परंतु बैतुल जिल्ह्यातील तिवरखेड येथे मिळालेला नन्नराज राष्ट्रकूटाचा ताम्रपट अचलपुराहून दिलेला असून त्यावर शके ५५३ (इ. स. ६३१) असा काळ आहे; म्हणजे गाव ईलच्या आधीचे ठरते. या काळाविषयी, किंबहुना ताम्रपटाच्या अस्सलपणाविषयी, काहींनी शंका घेतली आहे. ती मान्य केली तरी हेमचंद्राचा पुरावा उरतोच. बाराव्या शतकातील या वैयाकरणाने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘अचलपुरे चलोः’ असे स्वतंत्र सूत्र देऊन ‘च’ व ‘ल’ यांची अदलाबदल होऊन ‘अलचपुर’ रूप होते, असे सांगितले आहे. महानुभाव वाङ्मयातील ‘अळजपुर’ हे रूपही त्याच वळणाचे. तेव्हा ‘एलिचपूर’ हे ‘अलचपुर’चेच पुढचे रूप मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मग ईल राजा गावाच्या नावावरून सुचला असावा, राजावरून गाव नव्हे.

यादवकालीन गावासाठी महानुभावांची स्थानपोथी उपयोगी पडते. चक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे जपण्यासाठी लिहिलेल्या या पोथीत देवळे, मठ, दारे कोणत्या दिशेस होती याची नोंद असते. भक्तीसाठी केलेली ही टिपणे आज पडलेल्या देवळांचे नकाशेच ठरतात. जैनांच्या निर्वाणकांडात अचलपुराच्या ईशान्येस मेंढगिरी सांगितला आहे. तो म्हणजे हल्लीचे मुक्तागिरी, असे सामान्यतः मानतात.

सुलतानी काळातील सर्वांत लक्षणीय वास्तू म्हणजे गावाच्या पश्चिमेस असलेला हौज कटोरा. हौदाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी मनोरा आज तीन मजली दिसतो. बाजूंना टोकदार कमानी आहेत. वरचे आणखी मजले उतरविले गेले, असे स्थानिक लोक सांगतात. काहींच्या मते तो बहमनी, तर काहींच्या मते इमादशाही काळातला. बांधणीवरून पहिले मत ग्राह्य वाटते. तथापि बहमनी सरदारच पुढे इमादशाह झाले आणि कारागीरही त्यांच्याकडेच राहिले असावेत, त्यामुळे हा भेद फार ताणू नये. ताडून पाहण्यास गाविलगड जवळ आहे. अहमदशाह बहमनीने १४२५ च्या सुमारास बांधलेल्या या गडाच्या दिल्ली दरवाजावर फतहुल्ला इमादुल्मुल्कचा हिजरी ८९३ (इ. स. १४८८) चा लेख व हत्तींना पकडलेला गंडभेरुंड (दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी) आहे. बहराम बुरुजावरील लेख त्यानंतरचा, अहमदनगरच्या निजामशाही अमलातील आहे. लेखांनी काळ पक्का झालेले हे नमुने हाताशी असताना अचलपुरातील वास्तूंचे वय केवळ ऐकीव माहितीवर ठरविण्याचे कारण नाही.

परकोट व दुल्हा दरवाजासारख्या वेशी आजच्या स्वरूपात बहुधा अठराव्या शतकातील, हैदराबादच्या निजामाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या नबाबांच्या काळच्या आहेत. याच काळातील वाडे व विहिरी गावात तुरळक आढळतात. लगतचे परतवाडा इंग्रजी छावणीच्या निमित्ताने वाढले.