ठोक्याची गोळी आणि तिचे शेजारी

आत्याच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. मागच्या वर्षी तो डबा मी टेबलावर उपडा केला तेव्हा अकरा पाकिटं निघाली आणि त्यातल्या चारांवर नावच नव्हतं. पाच गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कात्रीने पाकीट कापून देतो. नाव आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहतात. मी विचारलं, "ही कसली?" आत्या म्हणाली, "ती बारीक पांढरी सकाळची, आणि जरा मोठी पांढरी रात्रीची." मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. मला फरक दिसला नाही.

तिला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यात हृदयाची झडप आकसली आणि पन्नाशीनंतर ठोका बिघडला. या बिघाडाला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं 'एएफ'.

निरोगी हृदयात ठोक्याचा हुकूम एका जागेवरून सुटतो. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. विश्रांतीत असताना तो मिनिटाला ६० ते १०० वेळा ठिणगी टाकतो, म्हणजे दिवसाला लाखभर. ती ठिणगी वरच्या दोन कप्प्यांतून पसरते, मधल्या एव्ही नोड नावाच्या पुंजक्यापाशी क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे ठिणग्या उडतात. कप्पे नीट आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. एव्ही नोड बऱ्याचशा ठिणग्या अडवतो, पण सोडतो त्या कशाही सोडतो. म्हणून मनगटावर बोटं ठेवली की नाडी दोनदा पटापट, मग एक खंड, मग पुन्हा तीनदा अशी लागते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त रेंगाळतं आणि डावीकडच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात त्याची गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात.

म्हणून या दुखण्याच्या गोळ्या तीन जातींच्या: वेग आवरणाऱ्या, लय सरळ करणाऱ्या आणि गुठळी होऊ न देणाऱ्या. पहिल्या दोन जाती पेशींच्या विजेशी खेळतात. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम पेशीच्या बारीक दारांतून आत-बाहेर करतात, त्यातूनच ठोक्याची वीज तयार होते. लयीची बरीच औषधं याच दारांवर बसतात. अडचण अशी, की चुकार ठोका ज्या दारातून येतो त्याच दारातून शहाणा ठोकाही येतो.

हे वैद्यकाला फार महागात पडून कळलं. १९८० च्या दशकात असं दिसत होतं, की हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांना मधूनमधून जादा ठोके पडतात, ते अचानक दगावण्याची शक्यता जास्त. मग जादा ठोके दाबले तर माणसं वाचतील, हा हिशेब कुणालाही पटावा. फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड ही औषधं ते दाबायचीही. ईसीजीचा कागद अगदी स्वच्छ यायचा. अमेरिकेत 'कास्ट' नावाची मोठी चाचणी सुरू झाली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. एकूण १४९८ जणांपैकी औषधाच्या गटात ६३ माणसं गेली, निष्प्रभ गोळीच्या गटात २६. कागद सरळ झाला होता आणि माणसं जास्त मरत होती.

फ्लेकेनाइड आजही वापरतात, पण ज्याला झटका आलेला नाही आणि ज्याचं हृदय मुळात धडधाकट आहे त्याच्यासाठी. म्हणूनच डॉक्टर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात तेव्हा तो खर्च टाळू नये. "आमच्या ह्यांना या गोळीने दोन दिवसांत गुण आला, तुम्हीही घेऊन बघा," हे वाक्य पित्ताच्या बाबतीत खपून जाईल. ठोक्याच्या गोळीला ते लावू नका.

वेग आवरणाऱ्यांतली सगळ्यात जुनी गोळी डिगॉक्सिन. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लव्ह या झाडाच्या पानांवरची आपली निरीक्षणं छापली, तिथपासून हे घराणं चालत आलंय. आपल्या अंगणातली पिवळी कण्हेर याच घराण्याची. तिच्या बियांतलं विष आणि ही गोळी रसायनाच्या नात्याने चुलत बहिणी. श्रीलंकेत कण्हेरीच्या विषबाधेवर, डिगॉक्सिन जास्त झाल्यावर देतात तो उतारा वापरून पाहिला आणि तो लागू पडला. नातं किती जवळचं, हे यावरून कळावं. गोळीची गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतरही फार कमी. आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर ही गोळी आठवड्यातले पाचच दिवस देतात. आत्या म्हणते, "हिला शनिवार-रविवार सुट्टी असते, बँकेसारखी." ही गोळी मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडते. वय वाढलं, मूत्रपिंड मंदावलं किंवा उन्हाळ्यात चार दिवस जुलाब होऊन अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलं, की तीच नेहमीची गोळी जास्त होते. भूक मरते, मळमळतं, कधी सगळं पिवळट-हिरवट दिसू लागतं. घरचे म्हणतात, उन्हाळा बाधला. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळायची सवय असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं की पोटॅशियम घटतं.

आता अमियोडेरॉन. हे औषध १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये तयार झालं ते छातीच्या दुखण्यासाठी. ठोक्यावरचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. गुणी औषध आहे, अशक्त हृदयालाही चालतं, पण त्याचा स्वभाव विचित्र आहे. वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आयोडीन. २०० मिलीग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलीग्रॅम आयोडीन असतं, आणि माणसाची दिवसाची गरज असते ०.१५ मिलीग्रॅम. त्यातलं सगळं सुटं होत नाही, तरी सुटतं ते गरजेच्या चाळीसेक पट भरतं. म्हणून थायरॉइड कधी मंदावतो, कधी उधळतो. शिवाय हे औषध चरबीत, यकृतात, फुप्फुसात मुरून बसतं. बंद केल्यावर निम्मं उतरायला साधारण दोन महिने लागतात. हे घेणाऱ्यांनी सहा महिन्यांनी थायरॉइड आणि यकृताची तपासणी चुकवू नये, कडक उन्हात अंग झाकावं, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागायला लागला तर 'हवा बदलली' म्हणून सोडून देऊ नये. फुप्फुसाला लागलेलं औषध लवकर ओळखलं तर बरं असतं.

आत्याला दोन वर्षांपूर्वी हेच सुरू झालं. त्याच कागदावर डॉक्टरांनी डिगॉक्सिन निम्मी आणि रक्त पातळ करायची गोळीही कमी करून लिहिली होती. आत्याने आपला तर्क चालवला: नवीन गोळी दिली म्हणजे दुखणं वाढलं, मग जुन्या कमी कशाला करायच्या? तिने जुन्या पूर्वीसारख्याच चालू ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात दात घासताना रक्त यायला लागलं आणि दंडावर बांगडीएवढे निळे डाग दिसले. रक्ताची तपासणी केली तर आयएनआर ६.१.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लावतंय त्याचं माप. औषध न घेणाऱ्याचं १ च्या आसपास असतं. एएफमध्ये बहुतेकांचं २ ते ३ मध्ये ठेवतात. अमियोडेरॉन यकृतातली जी विकरं अडवून धरतं, तीच रक्त पातळ करायच्या गोळीची विल्हेवाट लावत असतात. विल्हेवाट थांबली की गोळी साठत जाते. डिगॉक्सिनची रक्तातली पातळीही याच्यामुळे सत्तरेक टक्क्यांनी चढू शकते. म्हणजे डॉक्टरांनी जुन्या गोळ्या कमी केल्या होत्या त्या नव्या गोळीची जागा करण्यासाठी. हे त्यांनी तोंडी सांगितलंही असेल. बाहेर पंचवीस पेशंट बसलेले असताना सांगितलेलं किती लक्षात राहतं ते आपण जाणतो. मला वाटतं, कागदावर 'ही कमी केली आहे, कारण...' एवढी अर्धी ओळ लिहिली असती तर आत्याचे ते निळे डाग टळले असते.

रक्त पातळ करायची गोळी हे बोलण्यातलं नाव; रक्त काही पातळ होत नाही, गोठायला उशीर होतो. जुन्या गोळ्या म्हणजे वॉरफरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारी असेनोकौमरॉल. वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आलं तेच उंदीर मारायला. दोन्ही गोळ्या व्हिटॅमिन के च्या कामात खोडा घालतात, आणि हे व्हिटॅमिन हिरव्या पालेभाजीत भरपूर असतं. यावरून 'पालेभाजी बंद' असा फतवा घरोघरी निघतो. त्याची गरज नसते. भाजी दर आठवड्याला साधारण सारखी खावी, डॉक्टर गोळी तिच्या मापाने बसवतात. घोळ होतो तो चढउतारामुळे. मेथी स्वस्त झाली म्हणून आठवडाभर मेथी, मग अळूचं फदफदं, आणि श्रावणात उपवासामागून उपवास, ताटात साबुदाणा, वरई आणि बटाटा. आयएनआर आधी खाली जातो, मग वर. उपवासाचा महिना येणार असेल तर तपासणीची तारीख त्यातच धरावी.

नव्या गोळ्यांना ही कटकट नाही. डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान यांना आयएनआर लागत नाही, भाजीचं सोयरसुतक नाही. पण त्यांची स्वतःची खोड असते. रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलीग्रॅमची गोळी भरल्या पोटीच घ्यायची, उपाशीपोटी ती पुरती शोषली जात नाही. निर्जळी एकादशी करणाऱ्यांनी हे आधी बोलून घ्यावं. डॅबिगाट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात घालायची नाही, कारण उघडली की अंगात जाणारं औषध एकदम वाढतं. ती दमटपणाने खराब होते, म्हणून सात खणांच्या डबीतही काढून ठेवायची नाही. "मग मला का नाही देत नवी?" हे आत्याचं दरवेळचं गाऱ्हाणं. तिची झडप आकसलेली आहे. अशा साडेचार हजार रुग्णांवर, त्यात भारतातलेही होते, रिव्हारोक्साबान आणि जुनी गोळी यांची तुलना झाली. २०२२ मध्ये निकाल आला आणि जुनी गोळी सरस ठरली. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनीच लागते.

धोका बहुतेक वेळा दुसऱ्याच दुखण्याच्या गोळीतून येतो. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतली की जठरातून रक्तस्राव व्हायची भीती वाढते. जुलाबावरची मेट्रोनिडाझोल आणि बुरशीवरची फ्लुकोनाझोल आयएनआर चढवतात. कंबर धरली म्हणून दवाखान्यात "एक इंजेक्शन मारा, मोकळं वाटेल" असं आपणच म्हणतो, पण रक्त पातळ असताना स्नायूत सुई टोचली की आत रक्त साखळून मोठी गाठ होऊ शकते. सुईच्या आधी सांगायला हवं.

आणि गॅसची कॅप्सूल. नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर तिच्यात बहुधा डोम्पेरिडोन असतं. ठोक्यानंतर खालच्या कप्प्यांतल्या पेशींना पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो अमियोडेरॉन आणि सोटालॉल ही लयीची औषधं मुद्दाम लांबवतात. डोम्पेरिडोनही तो लांबवतं, अझिथ्रोमायसिन हे सर्दी-तापात सर्रास मिळणारं अँटिबायोटिकही. दोघांनी मिळून तो फार लांबवला आणि त्यात पोटॅशियम कमी असलं, की नवाच जीवघेणा वेडावाकडा ठोका सुरू होऊ शकतो. आत्याच्या डब्यातल्या चार निनावी तुकड्यांपैकी एक ही कॅप्सूल निघाली. डॉक्टरांनी ती बदलून दिली.

एक वेळ गोळी विसरली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, हे सगळ्यांना सारखं लागू. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करायची नाही. वेग आवरणारी मेटोप्रोलॉल एकदम तोडली तर ठोका उसळून येतो. दात काढायचा असला तरी रक्ताची गोळी किती दिवस थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे डॉक्टरांना विचारून. शौचाला डांबरासारखं काळं झालं, चक्कर येऊन शुद्ध हरपली, किंवा ही गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर वर काही दिसत नसलं तरी दवाखाना गाठायचा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन. नाडी मोजायची तर पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चौपट करायची युक्ती इथे फसते, कारण पुढची पंधरा सेकंदं वेगळीच असतात.

डबा तोच आहे, चिरलेल्या झाकणाचा. पाकीट मात्र आता अख्खं घेतो, आणि ज्या टोकाला नाव आहे ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं असा दंडक आहे. आयएनआरचा आकडा आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. परवा पाहिलं तर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ३.४ होतं आणि त्याखाली पेन्सिलीने, 'भाजी नाही चार दिवस. डॉ.ना सांगितले.'