हतनूरचं पाणी, हजिऱ्याची भरती

'हतनूरचे ४१ दरवाजे पूर्ण उघडले' अशी भुसावळजवळच्या, तापीवरच्या धरणाची बातमी झळकली की जळगावात आमच्या घरी सुरतेहून मावशीचा फोन ठरलेला. खुशाली नंतर, आधी प्रश्न: "हतनूरना कितला दरवाजा उघडात रे?" उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आपली खान्देशी माणसं इतकी आहेत की तिथल्या रस्त्यावर अहिराणी सहज कानावर पडते. वरती भुसावळला काय चाललंय याच्याशी त्यांचा जीव बांधलेला असतो.

पण भुसावळ-सुरत गाडीत मी एक वाक्य अनेकदा ऐकलंय. "सुरतेला कसला पूर? समुद्र तर बाजूलाच आहे, सगळं पाणी निघून जाईल." ऐकायला पटतं. समुद्र केवढा, तापी केवढी! तरीही हे चूक आहे, आणि का चूक आहे ते समजून घेण्यासारखं आहे.

२००६ च्या ऑगस्टमधली ७ ते ९ तारीख. सुरतेच्या वरच्या अंगाला तापीवर असलेल्या उकाई धरणातून सोडलेलं पाणी सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पोचलं होतं. म्हणजे सेकंदाला अडीच कोटी लिटर. उन्हाळ्यात आपल्या गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे अडीच हजार टँकर, दर सेकंदाला. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर मी मावशीच्या वेडरोडच्या खोलीवर गेलो, तेव्हा भिंतीवर विजेच्या बटणांच्याही वर गाळाची सरळ रेघ उमटलेली होती. खाली घोट्याएवढा चिखल. मावशीने तो हातात घेऊन बोटांनी चोळला आणि म्हणाली, "ही तर आपली काळी माती."

तिचं बरोबर होतं. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहते. तिच्या सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी ५१ हजारांहून जास्त महाराष्ट्रात येतं. पूर्णा विदर्भातून येऊन चांगदेवला मिळते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा. या सगळ्यांचं पाणी आणि माती एकाच दाराने बाहेर पडते, आणि ते दार सुरतेत आहे.

आता मुख्य गोष्ट. नदी वाहते ती पाण्याच्या पृष्ठभागाला उतार असतो म्हणून. समोर मोकळी जागा कितीही असो, उतार नसेल तर पाणी हलत नाही. शेतातला पाट आठवा. पाटाच्या शेवटच्या टोकाला वावर आधीच तुडुंब भरलेलं असलं तर पाणी तिथे नुसतं थांबत नाही. मागे मागे फुगत येतं आणि वरच्या बाजूला, जिथे कुणाला अपेक्षा नसते तिथे, बांध फोडून बाहेर पडतं. याला फुगवटा म्हणतात.

उताराचं आणि वेगाचं नातं एकोणिसाव्या शतकातले आयरिश अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांच्या सूत्रातून कळतं. आपले पाटबंधारे अभियंते आजही ते वापरतात आणि मला ते फार आवडतं. वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. उतार चौथाईवर आला की, खोली तीच असेल तर, वेग निम्मा होतो. पण वरून येणारं पाणी काही निम्मं होत नाही, ते तेवढंच येत राहतं. मग नदीला खोली वाढवावी लागते. खोली वाढली की तळाचं घर्षण तुलनेने कमी होऊन वेगही थोडा वाढतो, तो खोलीच्या दोन-तृतीयांश घाताने. हे सगळं एकत्र धरलं तर रुंद नदीत, ढोबळमानाने, उतार चौथाई झाल्यावर तेच पाणी वाहून न्यायला खोली साधारण दीडपट लागते. दहा मीटर खोल नदी पंधरा मीटरवर जाते. मधले पाच मीटर म्हणजे मावशीची खोली, शेजाऱ्यांचे लूम आणि गल्लीच्या तोंडावरचं किराणा दुकान.

हा उतार कोण कमी करतं? समुद्र. सुरतेपासून तो पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं, आत जाईल तसं अरुंद आणि उथळ. आत शिरलेल्या भरतीला पसरायला जागा मिळत नाही म्हणून ती उंच होते. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. तापीच्या मुखाजवळच्या हजिऱ्याला तो त्याहून कमी, पण मुखाशी सपाट झालेल्या नदीचा उतार खाऊन टाकायला पुरेसा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात आणि उधाणाची भरती येते. २००६ सालची नारळी पौर्णिमा होती ९ ऑगस्टला. नेमकी पुराच्या दिवसांत.

यावरून 'तापीमाय कोपली', 'अमावास्या-पुनव वाईटच' असं बोलणारे भेटतात. तिथीत अशुभ काही नसतं. भरतीच्या वेळा कितीतरी आधी गणिताने काढता येतात. जे आधी कळतं त्याला कोप म्हणून हात जोडून बसणं म्हणजे हातातली सूचना फेकून देणं.

हवामानबदल या गणितात दोन्ही टोकांनी शिरतो. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान विस्तीर्ण भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हे वरचं टोक. खालच्या टोकाला जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. 'अमुक साली सुरत बुडणार' असे निळ्या रंगाचे नकाशे मोबाइलवर फिरतात, त्यांचा मला राग येतो. समुद्र रस्त्यावर चालून येण्याची वाट बघायची गरज नाही. त्याआधीच तो नदीचा उतार थोडा थोडा कमी करत राहतो, आणि पूर येतो तो गोड्या पाण्याचा.

म्हणून शाश्वत विकास हा जड शब्द सुरतेत अगदी साध्या कामांवर येऊन थांबतो. पावसाळा संपेपर्यंत उकाईत जागा रिकामी ठेवायची, पुराचा माथा आणि भरतीचा माथा एकाच वेळी येऊ द्यायचा नाही, नदीपात्रात आणि लिंबायतच्या मिठी खाडीसारख्या ओहोळांत बांधकामं होऊ द्यायची नाहीत. उकाईत जागा ठेवणं सोपं नाही. तेच पाणी पुढे वर्षभर सिंचनाला आणि शहराला लागतं, आणि पाऊस सप्टेंबरात दगा देईल की काय ही भीती धरण सांभाळणाऱ्यांना असतेच.

त्यातली थोडी जागा तर आपणच खातो. उघड्या उतारावरून वाहून गेलेली माती उकाईच्या तळाशी बसते आणि धरणाची क्षमता कमी करते. शिरपूर-यावलच्या बाजूला सातपुड्यात झाडोरा टिकला, नाल्यांना दगडी बांध पडले, शेताचे बांध शाबूत राहिले, तर महापूर काही थांबणार नाही. पण माती अंगणात राहील आणि धरणातली जागा पाण्याला उरेल.

मावशीच्या भिंतीवरची रेघ रंगाखाली गेली, तरी तिने पेन्सिलीने तिथे खूण ठेवली आहे. तिचा फोन आला की आता मी दरवाज्यांचा आकडा सांगतो आणि हजिऱ्याला पुढची भरती किती वाजता आहे, तेही.