घरचा चहा (गोवा)

घरचा चहा (गोवा) : पाणी, चहाची पूड, साखर व दूध एकत्र उकळून, गाळून घेतलेले गरम पेय. गोव्यातील मराठी आणि कोकणी घरांत तो सकाळी उठल्या उठल्या आणि दुपारची झोप झाल्यावर होतो. कृती महाराष्ट्रातल्यासारखीच, वेगळेपण येते ते विहिरीच्या पाण्याने आणि पोदेराच्या (दारोदार पाव विकणाऱ्या गोव्यातल्या पाववाल्याच्या) पावाने. इथे चहात काहीतरी बुडवायचे असते, त्यामुळे तो किती कडक, किती गोड हे पावाकडे बघून ठरते.

मराठीतला ‘चहा’, कोकणीतला ‘च्या’ आणि पोर्तुगीज ‘शा’ हे मूळ एकाच चिनी शब्दाचे. पश्चिम युरोपात बहुतेकांनी डचांच्या मागोमाग ‘टी’च्या वळणाचा शब्द उचलला, पोर्तुगिजांचा व्यापार चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावमधून चाले, म्हणून त्यांच्या तोंडी दुसरा बसला. साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्यांशी गोवेकरांचे निदान या एका शब्दावर फारसे वाजले नसावे. १९५०च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा इथे सिलोनचा चहा येई. आज घरोघरी दिसते ती दाणेदार ‘सीटीसी’ पूड. पाने चिरडून, फाडून, वळवून दाणे करण्याची ही रीत १९३०च्या सुमारास आसामात निघाली. दाणा बारीक असल्याने रंग आणि कडकपणा झटकन उतरतो.

पाण्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि चहा बिघडतो तो तिथेच. जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी हलके असते. त्यात चहाचा रंग खुलतो. जड पाण्यात कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा तवंग धरतो. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. तेव्हा कितीही आले ठेचा, चव खारटच. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असेल तर ते रात्री भांड्यात उघडे ठेवावे.

दोन कपांसाठी दीड कप पाणी, पाऊण कप दूध आणि दोन सपाट चमचे पूड पुरते. पाण्याला आधण आल्यावर साखर आणि ठेचलेले आले, मग पूड. दोनेक मिनिटे उकळी राहू द्यावी. दूध घालून एकदा वर येऊ द्यावे, आच कमी करावी, पुन्हा वर आला की उतरवून झाकण ठेवावे. याहून जास्त उकळला तर कडकपणा वाढत नाही, तुरटपणा वाढतो. दुधातले केसीन या तुरट द्रव्यांना धरून ठेवते, म्हणून दुधाचा चहा जिभेला मऊ लागतो. चहाची चव तपासण्यासाठी १९८० साली एक आंतरराष्ट्रीय मानकही निघाले : १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटे मुरवून. प्रयोगशाळेत ते शोभते. सकाळी सहाला दारात पोदेराचा भोंपू वाजत असताना सहा मिनिटे कोण थांबतो!

साखरेऐवजी माडाचा गूळ घालायचा तर तो चहा गॅसवरून उतरवल्यावरच. उकळत्या दुधात गूळ पडला की चहा नासतो. पातेल्यात पांढऱ्या कण्या तरंगू लागतात आणि मग गाळूनही उपयोग नसतो. कोऱ्या चहात मात्र गूळ कधीही चालतो.

गवती चहा हा खरा चहाच नव्हे. तो सिट्रल हे सुगंधी द्रव्य असलेला गवताचा प्रकार. परसात विहिरीजवळ त्याचा ठोंब असतो. पात कापताना बोट चिरते, हे ज्याने एकदा घाईत केले त्याला सांगावे लागत नाही. दोन-तीन पातींची गाठ मारून ती थंड पाण्यातच टाकतात, म्हणजे पाणी तापता तापता वास उतरतो. गाठीमुळे बाहेर काढणेही सोपे जाते. पावसाळ्यात आले नि गवती चहा एकत्र पडतात. वेलची मात्र माफक असावी, नाहीतर खीर प्यायल्यासारखे वाटते.

बुडवायला उंडे (गोल पाव), पोई (कोंड्याचा चपटा पाव) किंवा कांकणां (बांगडीच्या आकाराचे कडक पाव). ताजा उंडा चहात पटकन विरघळतो, कालचा बरा; कडक कांकण सर्वांत जास्त वेळ टिकते, पण तेही बशीत ठेवून बोलत बसले की मऊ पडते. चवथीला (गणेशचतुर्थीला) आरती संपली की घुमट (मातीच्या भांड्याचे चर्मवाद्य) वाजवून दमलेल्या मंडळींसाठी मोठ्या टोपात चहा चढतो. तो घरच्यापेक्षा पातळ आणि गोड असतो, त्यावर कुणी तक्रार करत नाही.

पूड दमट हवेत लवकर मरते. जून ते सप्टेंबर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या चमच्यानेच काढावी. गाळणीतला चोथा अबोलीच्या मुळाशी घालतात, पण आधी धुऊन. न धुता टाकला तर साखरेवर दुसऱ्या दिवशी मुंग्या.